परसातली गाणी: दोन मोठ्या स्पीकरपेक्षा चार लहान बरे

प्रश्न : आमचं घर परभणीत आहे. घरामागे ४० बाय ३० फुटांची मोकळी जागा आहे, डाव्या अंगाला कडुलिंब आणि टोकाला पत्र्याचं शेड. उन्हाळ्यात संध्याकाळी आम्ही तिथंच बसतो, एकादशीला भजन असतं, वर्षातून दोन-तीनदा चाळीस-पन्नास माणसांचा कार्यक्रम होतो. यजमान म्हणतात पंधरा इंची दोन टॉप, म्हणजे कार्यक्रमात लावतात तसे मोठे स्पीकर, घेऊ. मुलगा म्हणतो ब्लूटूथचा मोठा पार्टी स्पीकर घ्या. दुकानदार ‘२००० वॅट’चा सेट दाखवतोय. आमची तयारी ३५ हजारांपर्यंत आहे. डाव्या भिंतीपलीकडे एक वयस्कर आजोबा राहतात, त्यांना त्रास व्हायला नको. पाऊस, धूळ आणि लाइट जाणं हे तर रोजचंच. काय घ्यावं, कसं बसवावं? घरात जुन्या होम थिएटरचे स्पीकरही पडून आहेत, ते चालतील का?

उत्तर : ताई, निकाल आधी सांगून टाकतो. पावसात टिकणारे, भिंतीवर बसणारे सहा इंची चार स्पीकर घ्या. त्यांना १०० व्होल्ट लाइनचं ६० वॅटचं पीए मशीन, म्हणजे देवळात, सभेत माईकसाठी लावतात तो अ‍ॅम्प्लिफायर, जोडा आणि मशीन घरातच ठेवा. यजमानांचे टॉपही नकोत आणि दुकानदाराचे २००० वॅटही नकोत. मुलाची सूचना वाईट नाही, पण ती वेगळ्या कामाची आहे.

आधी कारण. खोलीत आवाज भिंतींवर, छतावर आपटून परत येतो, म्हणून लहान स्पीकरही खोली भरून टाकतो. उघड्यावर परत काहीच येत नाही. स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. तुमच्या घराच्या भिंतीला दोन मोठे टॉप लावले, तर दीड मीटरवर बसलेला आणि नऊ मीटरवर शेडजवळ बसलेला यांच्यात पंधरा डेसिबलचा फरक पडतो. कानाला तो जवळजवळ तिप्पट वाटतो. शेडमधल्याला नीट ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की ओट्यावरची माणसं एकमेकांच्या कानात ओरडू लागतात, आणि भिंतीपलीकडच्या आजोबांना तर न मागता सगळंच ऐकू येतं. अंगणात एक हॅलोजन लावण्यापेक्षा चार साधे दिवे लावावेत, तसंच हे आहे. आवाज वाढवायचा नाही, वाटायचा. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

वॅटचं भूत एकदाच उतरवून टाकू. खोक्यावर ‘पीएमपीओ’ लिहिलेला आकडा विसरून जा, त्याला कसलंही मोजमाप नाही. ‘आरएमएस’ वॅट, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, पाहा, आणि त्याहून महत्त्वाची पाहायची ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात तो आकडा. चांगल्या लहान स्पीकरचा तो ८८ च्या आसपास असतो. तुमच्या जागेत चार स्पीकर नीट वाटले, तर कोणीही माणूस जवळच्या स्पीकरपासून पाच मीटरपेक्षा फार लांब राहत नाही. पाच मीटरवर १४ डेसिबल जातात, म्हणजे फक्त १ वॅटवर ७४ डेसिबल उरतात. समोरासमोर गप्पांचा आवाज ६० च्या आसपास असतो. थोडक्यात, रोजच्या संध्याकाळी तुमचे स्पीकर एकेक वॅटसुद्धा खाणार नाहीत. पन्नास माणसांचा गलका असेल तेव्हा १० वॅटवर तेच ८४ डेसिबलपर्यंत जातात. गाण्यात मधूनच ढोलकीची थाप किंवा टाळांचा खणखणाट येतो, तो सरासरीपेक्षा दहा-बारा डेसिबल वर उसळतो. दहा वॅटची सोय त्यासाठी ठेवायची.

आता १०० व्होल्ट लाइन कशासाठी. गावातल्या देवळात भोंग्यांना, शाळेत कॉलमना जी पद्धत असते तीच ही. मशीनच्या मागे ‘कॉम, ४ ओहम, ८ ओहम, १६ ओहम, ७० व्ही, १०० व्ही’ असे स्क्रू दिसतात (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं, म्हणजे रोधाचं माप). ‘कॉम’ आणि ‘१०० व्ही’ या दोन टोकांवरून एक दोन तारी वायर निघते आणि स्पीकर एकामागून एक तिला समांतर जोडत जातात. प्रत्येक स्पीकरमध्ये लहान ट्रान्सफॉर्मर असतो. मेकॅनिक त्याला एलएमटी म्हणतात. स्पीकरच्या मागच्या फिरत्या बटणावर ५, १०, २० वॅट अशा खुणा असतात आणि त्या स्पीकरने किती घ्यायचं ते तिथं ठरतं. हिशोब फक्त बेरजेचा: सगळ्या स्पीकरचे वॅट मिळून मशीनच्या ८० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत. चार दहे चाळीस, ६० वॅटच्या मशीनला ४८ पर्यंत मुभा. पुढे गेटजवळ ५ वॅटचा आणखी एक लावावासा वाटला तरी जागा आहे.

घरगुती स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरवर ८ ओहमचे चार स्पीकर चालत नाहीत असं नाही. फक्त गाणी ऐकायची असती तर आम्ही तेच सुचवलं असतं, कारण पीए मशीनपेक्षा त्याचा आवाज गोड असतो आणि खर्जही भरदार. पण तुमच्याकडे भजन आहे, म्हणजे माईक आला. लाइट जाते, म्हणजे बॅटरीवर चालणं आलं. पीए मशीनमध्ये माईकच्या दोन-तीन जागा, प्रत्येकीचं वेगळं बटण आणि बऱ्याच मॉडेलमध्ये १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीसाठी मागे टोकं असतात. घेताना ती आहेत ना, हे पाहून घ्या. दुसरं असं, की आहुजासारखं नेहमीचं मशीन बिघडलं तर जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी ते दुरुस्त करणारा सापडतो. परदेशी बनावटीचं देखणं अ‍ॅम्प्लिफायर बिघडलं की त्याचा पार्ट शोधत बसावं लागतं. स्टिरिओचं म्हणाल, तर अंगणात माणसं चारही दिशांना तोंडं करून बसतात. डावं-उजवं तिथं कोणालाच मिळत नाही. मोनोच, म्हणजे सगळ्या स्पीकरमधून एकच आवाज, बरं.

स्पीकर निवडताना रंगावर जाऊ नका. कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, पॉलिप्रॉपिलीनचा (एक प्रकारचं प्लास्टिक) हवा, कागदी नको. कोनच्या कडेची गोल पट्टी रबरी हवी. फोमची पट्टी आपल्याकडच्या ४२-४३ अंशांत काही वर्षांत भुगा होऊन गळते. पुढची जाळी अ‍ॅल्युमिनियमची, ब्रॅकेट आणि स्क्रू स्टेनलेसचे. पेटी ऊन सोसणाऱ्या प्लास्टिकची असल्याचं माहितीपत्रकात लिहिलेलं असावं, नाहीतर पांढरी पेटी दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते आणि ब्रॅकेटच्या भोकापाशी तडकते.

धूळ-पाण्याचा दर्जा ‘आयपी’च्या दोन अंकांत असतो. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. छपराच्या पुढे आलेल्या कडेखाली आयपी ५४ सुद्धा भागतं. ‘आयपी एक्स ५’ दिसलं तर थांबा: एक्सचा अर्थ धुळीची चाचणीच झालेली नाही. तूर-सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत आपल्याकडे जी धूळ उडते, तिच्यापुढे तो एक्स महागात पडतो. शक्य असेल तर मागे-पुढे हवेचं भोक नसलेली बंद पेटी घ्या. भोकाच्या पेटीला खर्ज जास्त असतो हे खरं, पण कुंभारमाशी त्या भोकात मातीचं घर बांधते आणि आवाज घोगरा झाल्यावरच ते कळतं. भोकाची पेटी आवडलीच, तर आतून स्टेनलेसची बारीक जाळी लावून घ्या.

सगळ्यात मोठा फरक जागेनं पडतो. घराची मागची भिंत ४० फूट लांब धरली, तर दोन्ही टोकांपासून दहा-दहा फूट सोडून दोन स्पीकर. समोर शेडच्या पुढच्या खांबांवर तेवढंच अंतर राखून दोन, तोंड घराकडे. उंची जमिनीपासून आठ फूट. तोंड खाली झुकवायचं: स्पीकरच्या माथ्यावर सरळ काठी धरून नेम लावा, काठीची रेघ बारा-पंधरा फुटांवर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडापाशी पोहोचली पाहिजे. झुकवण्यानं पावसाचं पाणीही जाळीवर थांबत नाही. डावीकडचे दोन्ही स्पीकर जरा उजवीकडे वळवा, म्हणजे त्यांची पाठ आजोबांच्या भिंतीकडे येईल. त्या भिंतीवर मात्र एकही स्पीकर लावू नका. पेटीचं कंपन विटेतून थेट पलीकडच्या खोलीत उतरतं.

कडुलिंबावरही नको. झाड वाऱ्याला डोलतं, वायर रोज थोडी वाकते आणि एक दिवस आतली तार तुटते. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही.

शेडच्या खांबाला स्पीकर बसवताना जीआयचा यू-क्लॅम्प आणि मधे रबराचा वॉशर घाला. खर्जाला पत्रा थरथरतो, मग स्पीकर फाटल्यासारखा वाटतो आणि माणसं विनाकारण दुकानदाराशी भांडतात. पत्र्याचे सैल बोल्ट आधी आवळून घ्या. विटेच्या भिंतीत ८ मिमीचे अँकर फास्टनर पुरे, पण भोक प्लास्टरमध्ये नाही, विटेत गेलं पाहिजे. प्लास्टर दोन सेंटिमीटर जाड असेल तर तेवढी जास्त खोली धरा. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत अँकर धरत नाही, फिरत राहतो. तिथं भिंतीशी न झगडता दीड इंची लोखंडी पाइप जमिनीत काँक्रीटमध्ये रोवून त्यावर स्पीकर बसवा. आणि प्रत्येक पेटीला एक जादा स्टेनलेसची दोरी बांधा, खाली मुलं खेळतात.

भोकं पाडायच्या आधी दोन संध्याकाळी स्पीकर शिडीला, स्टुलावर तात्पुरते बांधून वाजवा. बसायच्या प्रत्येक जागी जाऊन ऐका. शेजारच्यांना विचारून त्यांच्याही अंगणात उभे राहा. फूटभर सरकवण्यानं किती फरक पडतो ते तेव्हाच कळतं.

वायर हा भाग लोक घाईत उरकतात आणि पहिल्याच पावसाळ्यात पस्तावतात. तुमच्यासाठी १.५ चौरस मिमीची, दोन तारी, गोल, शुद्ध तांब्याची वायर घ्या. घराच्या जोडीसाठी एक लाइन, शेडच्या जोडीसाठी दुसरी, दोन्ही मशीनपर्यंत वेगळ्या. समजा शेडची लाइन ४० मीटर झाली. जाऊन-येऊन ८० मीटर तारेचा रोध जेमतेम एक ओहम भरतो. १०० व्होल्टवर १०-१० वॅटचे दोन स्पीकर म्हणजे ५०० ओहमचा भार, त्यापुढे एक ओहम नगण्य. हीच वायर साध्या ८ ओहमच्या स्पीकरला लावली असती, तर तोच एक ओहम आठवा हिस्सा होऊन बसला असता. साध्या जोडणीत लांब अंतराला जाड आणि महाग वायर लागते ती यामुळे.

बाजारात ‘स्पीकर वायर’ म्हणून मिळणारी स्वस्त पारदर्शक वायर बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत करा. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि ओलाव्यात ती जोडापाशी लवकर कुजते.

परसात वायर पुरायची असेल तर आपल्या काळ्या मातीचा स्वभाव ध्यानात घ्या. पावसाळ्यात ती फुगते, एप्रिल-मे महिन्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या ओढाताणीत सोल्युशननं चिकटवलेल्या पीव्हीसी पाइपचे जोड उघडतात आणि पाऊस आला की पाइपात पाणी साठतं. म्हणून शेतात पाण्यासाठी वापरतात तसा ३२ मिमीचा काळा एचडीपीई पाइप, गुंडाळीतून अखंड काढून, मधे एकही जोड न देता टाका. चर दीड फूट खोल. तळाला दोन इंच वाळू, वर दोन इंच वाळू, मग माती. पाइप ताणून सरळ न टाकता थोडा नागमोडी टाका आणि दोन्ही टोकांना वायर अर्धा-अर्धा मीटर जास्त ठेवा, म्हणजे माती सरकली तरी ताण जोडावर येत नाही. आत आधी नायलॉनची दोरी ओवा, तिला वायर बांधून ओढा. जमिनीखाली वायरला जोड नकोच. बोअरच्या मोटारीची केबल त्याच चरात घालायचा मोह होईल. घालू नका. निदान फूटभर अंतर ठेवा आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा, नाहीतर मोटार चालू झाली की स्पीकर गुणगुणू लागतील. सुरक्षिततेच्या दृष्टीनेही २३० व्होल्ट आणि ही लाइन एका पाइपात कधीच नकोत. पाइपाची दोन्ही तोंडं जमिनीपासून फूटभर वर काढून खाली वळवा आणि तोंडाशी स्टीलची जाळी कोंबा. घुशीला आणि उंदराला वायरचं कोवळं प्लास्टिक फार आवडतं.

स्पीकरपाशी जोड द्यायचा तो आयपी ६५ च्या छोट्या डबीत, वायर खालच्या बाजूने ग्लँडमधून (वायर घट्ट धरणाऱ्या बुचातून) आत घेऊन. डबीत शिरण्याआधी वायरला खाली एक वळसा द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाला टपकतं, डबीत जात नाही. तारा पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड आपल्याकडे घरोघर दिसतो. उन्हानं टेपचा गोंद वितळतो, पहिल्या पावसात पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि आवाज येतो-जातो असा खेळ सुरू होतो. स्क्रूचे कनेक्टर वापरा.

जोडणी करताना एक चूक अशी आहे की तिनं नवा स्पीकर क्षणात जळतो. मागच्या फिरत्या बटणावर वॅटच्या खुणांबरोबर ‘८ ओहम’ अशीही एक खूण असते. कारखान्यातून बटण बहुतेक वेळा तिथंच येतं. ते तसंच ठेवून १०० व्होल्ट लाइनवर जोडलं तर हिशोबाने स्पीकर १२५० वॅट मागतो. मग एक तर त्याची कॉइल जळते, नाहीतर मशीनचा फ्यूज. म्हणून स्पीकर वर चढवण्याआधीच, जमिनीवर असताना, चारही बटणं १० वॅटवर आणा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शेडमधले दोन तूर्त ५ वर ठेवले तरी चालतील, पत्र्याखाली आवाज घुमतो. काही स्पीकरवर वॅटचे आकडे ७० व्होल्ट आणि १०० व्होल्ट अशा दोन ओळींत असतात. १०० ची ओळ वाचा. ७० च्या ओळीतले १० वॅट १०० वर २० होतात आणि तुमची बेरीज चुकते.

दुसरं, तारांचा रंग. सगळ्या स्पीकरला लाल तार लालच टोकावर. एकाची उलटी झाली तर दोन स्पीकरच्या मधे उभं राहिल्यावर आवाज पोकळ आणि खर्ज गायब होतो. तसं वाटलं तर त्या स्पीकरच्या तारा अदलाबदल करून पाहा. मशीन सुरू करण्याआधी मल्टिमीटरने लाइन शॉर्ट नाही ना एवढंच तपासा. ट्रान्सफॉर्मरमुळे मीटरवर दहा-वीस ओहमसारखे लहान आकडे दिसतात, त्यानं घाबरायचं नाही. शून्याला टेकलं तरच शोधाशोध. आणि ही लाइन स्पीकरची असली तरी १०० व्होल्टला शॉक बसतो. मशीन बंद करूनच हात लावायचा. शेडची जोडी वेगळी बंद करता यावी म्हणून लाइनमध्ये साधा स्विच चालतो, पण तो लाइटच्या बोर्डात नको. वेगळी डबी, वर ‘स्पीकर’ असं ठळक लिहिलेलं. उद्या येणाऱ्या वायरमनला ते कळलं पाहिजे.

भजनाच्या दिवशी हा स्विच कामाला येतो. माईक स्पीकरच्या समोर आला की शिट्टी सुटते, कारण स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो. मंडळी शेडमध्ये बसणार असतील तर शेडची जोडी बंद, फक्त घराची जोडी चालू. तीही त्यांच्यापासून लांब आहे, त्यामुळे शिट्टी बरीच टळते. माईक डायनॅमिक, एकाच दिशेचा आवाज घेणारा घ्या आणि तोंडापासून चार बोटांवर धरायला सांगा. दोन हातांवरून गाणाऱ्याच्या माईकचं बटण वाढवत नेलं की शिट्टी ठरलेली. मृदंग-टाळांना माईक लावायची गरज तुमच्या जागेत पडणार नाही.

मशीन मागच्या खोलीत, खिडकीजवळ, चारही बाजूंनी हवा लागेल असं ठेवा. बंद कपाटात ठेवलं तर मे महिन्यात ते तापून आपोआप बंद पडतं. मोबाइलसाठी त्याच खिडकीत ब्लूटूथ रिसीव्हर. भिंत आणि माणसांची गर्दी मधे आली की दहा मीटरचा टप्पा निम्म्यावर येतो, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी गाणी पेनड्राइव्हवरून लावा.

लाइट गेल्यावर मशीन घरच्या इन्व्हर्टरवर चालेल, पण तो शुद्ध साइनवेव्हचा असला तरच. स्क्वेअरवेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकरमधून सतत घुंई ऐकू येते आणि ती कुठल्याच बटणानं जात नाही. बॅटरीवर थेट चालवायचं झालं तर मशीनला लागते तशी १२ किंवा २४ व्होल्टची बॅटरी, जाड आणि आखूड वायर, आणि बॅटरीच्या धन टोकाला लागूनच मशीनच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अँपिअरचा फ्यूज. फ्यूज मशीनजवळ लावून उपयोग नाही, मधली वायर घासून शॉर्ट झाली तर आग तिथेच लागते. लाइट गेली की मशीनचं बटण बंद करून ठेवा, परत येते तेव्हाचा झटका वाईट असतो.

विजेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मराठवाड्यात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा फार पडतात, आणि तुमची लाइन उघड्या अंगणात पसरलेली आहे. ढग गडगडू लागले की नुसतं बटण बंद करून भागत नाही. मशीनची पिन भिंतीतून काढा आणि मागून स्पीकरच्या लाइनही काढा. त्यासाठी लाइनच्या टोकाला ओढून निघणारा कनेक्टर लावून घ्या, स्क्रूड्रायव्हर शोधत बसायची वेळ यायला नको. तीन पिनांचा प्लग आणि खरी अर्थिंग हवी. काळी माती उन्हाळ्यात सुकली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. मार्च ते जून त्यात आठवड्याला बादलीभर पाणी घाला.

आजोबांबद्दल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. खासगी साउंड सिस्टिमचा आवाज तुमच्या हद्दीवर त्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त नसावा, म्हणजे दिवसा ६०. रात्र धरतात ती १० ते सकाळी ६. जवळ १०० मीटरच्या आत दवाखाना, शाळा किंवा कोर्ट असेल तर तो शांतता क्षेत्राचा भाग, तिथं मर्यादा आणखी कडक. माणसं जमवून लाउडस्पीकर लावायचा कार्यक्रम असेल तर लेखी परवानगी आधी काढा. मोबाइलमधलं डेसिबल अ‍ॅप पुरावा म्हणून चालत नाही, पण तुलनेला बरं. नेहमीच्या आवाजात गाणं लावा, डाव्या भिंतीपाशी उभे राहा, आकडा ५५ च्या खाली येईपर्यंत मशीनचं बटण कमी करा आणि तिथं रंगाची खूण करा. रोज त्या खुणेच्या पुढे जायचं नाही. बेसचं बटणही मध्यापेक्षा थोडं खाली ठेवा. सहा फुटी भिंत उंच स्वर थोडेफार अडवते, खर्ज तिच्यावरून आरामात पलीकडे जातो, आणि झोपलेल्या माणसाला नेमकी तीच धडधड टोचते.

पैशांचं गणित असं बसवा: निम्मे स्पीकरवर, पाव हिस्सा मशीनवर, उरलेले वायर, पाइप, डब्या, ब्रॅकेट, माईक आणि मजुरीवर. हा शेवटचा पाव हिस्सा कापून मोठा स्पीकर घ्यावासा वाटेल, तेवढं करू नका. कमी पडलं तर आधी घराची जोडी बसवा, पाइप मात्र शेडपर्यंत आत्ताच टाकून ठेवा. पंधरा इंची टॉप लांबवर आवाज फेकण्यासाठी बनवलेले असतात आणि पावसात राहत नाहीत. दोनशे माणसांचा कार्यक्रम निघाला तर एका दिवसासाठी भाड्याने आणा. मुलाचा पार्टी स्पीकर शेतावर हुरड्याला न्यायला उत्तम. परसात मात्र तोही एकाच जागेवरून ओरडणार, आणि उन्हात तापलेल्या शेडमध्ये ठेवला तर त्याची बॅटरी लवकर मरते.

पावसाळ्याआधी, मे अखेरीस, एक फेरी मारा: ब्रॅकेटचे स्क्रू, डबीचं रबर, पाइपाच्या तोंडची जाळी, जाळीवरची धूळ मऊ ब्रशने. पाण्याचा फवारा मारून धुऊ नका. पावसात स्पीकरला प्लास्टिकची पिशवी बांधू नका, आतली वाफ बाहेर जात नाही आणि गंज आतूनच धरतो. पेटीच्या तळाला बारीक भोक असेल तर ते पाणी निचऱ्याचं आहे, सिलिकॉनने बुजवू नका.

राहिले तुमच्या होम थिएटरचे स्पीकर. ते परसात नकोत. कोन बहुधा कागदी, पेटी दाबलेल्या भुश्याच्या पाट्यांची, एका पावसात फुगते. शिवाय त्यांचा रोध अनेकदा तीन-चार ओहमच असतो, त्यामुळे १०० व्होल्टच्या लाइनवर ते चुकूनही जोडू नका. त्यांचं मूळ अ‍ॅम्प्लिफायर चालू असेल तर मागच्या ओसरीत, छताखाली, पाऊस पोहोचणार नाही अशा जागी त्याच्यावरच लावा. सबवूफर मात्र डाव्या भिंतीपासून लांब ठेवा.